दुबळ्यांची पंगत आधी

तुमच्या पोटात उजव्या अंगाला, फासळ्यांच्या आड, चांगलं सव्वा-दीड किलोचं यकृत रात्रंदिवस राबतंय. त्याला आयुष्यात एकदा तरी विचारलंत का, बाबा रे, तुला या कामाला कुणी जुंपलं?

नसेलच विचारलं. समोर उभ्या राहून राबणाऱ्या माणसाला आपण विचारत नाही, तर फासळ्यांमागच्याला कोण विचारतो!

तर ऐका. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं यकृत म्हणजे नव्या नोकरीवर पहिल्या दिवशी हजर झालेला माणूस. आईच्या पोटात त्याचं काम वेगळं होतं, रक्त बनवायचं. नाळ तुटली की ते काम हाडांतल्या मज्जेकडे जातं आणि याच्या डोक्यावर भलतीच दहा कामं येऊन पडतात. दुधातली चरबी पचवायला पित्त बनव, साखर साठव, विष गाळ. ते कुणी जन्मतः शिकून येत नाही. यकृतातल्या बारीक रक्तनळ्यांना आतून अस्तरासारख्या चिकटलेल्या पेशी शेजारच्या पेशींना निरोप धाडतात. आता वाढ. आता पुरे. तू या टोकाला बस, तुझं काम हे; तू त्या टोकाला, तुझं काम ते. निरोप वेळेवर पोचला की यकृत जाणतं होतं.

आणि नाही पोचला तर? वाढ तरी होते, की तीही अडते? या एका प्रश्नावर एका बाईची एकोणीस वर्षांची नोकरी टांगणीला लागली.

त्या बाईला सगळे आत्या म्हणत. नात्याने ती तिथे कुणाचीच आत्या नव्हती. ती संशोधनसंस्थेच्या उंदीरघरात कामाला होती. उंदीरघर तळमजल्यावर, बिनखिडकीचं. दिवे सकाळी सातला आपोआप लागायचे आणि संध्याकाळी सातला आपोआप विझायचे. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे आत्याला जेवणाच्या सुट्टीत कळायचं. पायात गमबूट, अंगात निळा झगा, डोक्याला कागदी टोपी. चारशे पिंजरे. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, कोण गाभण, कोण बाळंतीण, कोणाची किती पिल्लं, ते कार्डावर लिहायचं. वरच्या मजल्यावरचे पदवीधर येत, चिमट्याने पिल्लू उचलत आणि नाक मुरडून निघून जात. आत्याला त्या वासाचं काही वाटत नसे. ती म्हणायची, "माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये चढून बघा, मग उंदरांना नावं ठेवा."

एकोणीस वर्षं ती रोजंदार. म्हणजे रोज नवी, रोज परकी. आजारी पडली तर रजा नाही, म्हातारी झाली तर पेन्शन नाही. चार वर्षांपासून कायम करायच्या लोकांच्या यादीची नुसती हूल उठत होती; या खेपेला मात्र यादी खरंच टाइप झाली होती. अठरा नावं. बारावं आत्याचं. शुक्रवारी संचालकांची सही व्हायची होती.

घरी नवरा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं फिरवली, पण दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. आताशा गिऱ्हाईक घड्याळ पुढे करायचं, हाताकडे बघायचं आणि "नंतर येतो" म्हणायचं. नंतर कुणी येत नसे. त्यामुळे त्या बाराव्या नावावर घराची सगळी भिस्त होती. हे आत्याला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि दोघं त्याविषयी चकार शब्द बोलत नव्हते. दृष्ट लागेल म्हणून.

मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा खाली फोन आला. या बाई तिशीतल्या, बोलायला गोड, तीन वर्षांपासून उंदरांच्या पिल्लांच्या यकृतावर काम करत होत्या.

"आत्या, वर या जरा. तुमच्या लेकरांचा पराक्रम दाखवते."

आत्या हात धुऊन वर गेली. बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा. हां. काय दिसतं?"

"नकाशा दिसतोय. रस्ते आहेत. आणि चौकाचौकांत तपकिरी कडी."

"शाब्बास! हे चौदा दिवसांच्या चांगल्या पिल्लाचं यकृत. ते चौक म्हणजे शिरा. शिरेभोवती तपकिरी कडं पडलंय, म्हणजे तिथल्या पेशींना कळलंय, आपलं काम काय ते. आता हे बघा." बाईंनी काचपट्टी बदलली. "याच्यात आपण निरोप बंद केला होता. अस्तराच्या पेशी मुक्या."

आत्या बघत राहिली. रस्ते होते, चौक होते, कडी नव्हती. मधेमधे गर्द जांभळे पुंजके.

"हे ठिपके कसले?"

"रक्त बनवतंय अजून. चौदा दिवसांचं झालं तरी पोटातल्यासारखंच वागतंय. जाणतं झालंच नाही. आणि खरी गंमत पुढेच आहे!" बाईंचे डोळे चमकत होते. "वजन! दोघांच्या यकृताचं वजन सारखं, अंगाचं वजन सारखं. म्हणजे निरोप बंद केला तरी वाढ अडत नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हीच पिल्लं खुरटी राहिली म्हणे. त्यांच्याकडे देखभालीचा घोळ असणार. आपल्याकडे तुमचा हात आहे ना!"

आत्याने डोळे नळीवरून काढले नाहीत. काढले असते तर बाईंना दिसले असते.

"मग आता पुढे काय होतं याचं?" तिने विचारलं.

"शुक्रवारी अहवाल समितीकडे जातो. बाळांच्या दवाखान्यातले डॉक्टर एका वाक्यासाठी थांबलेत. तान्ह्या बाळांना यकृतात गाठ होते कधीकधी, त्यावर हाच निरोप दाबणारं औषध त्यांना वापरायचंय. त्यांचं म्हणणं, जाणतेपण औषध थांबवल्यावर मागाहून येईल. पण वाढ एकदा खुंटली की भरून निघत नाही. वाढ खुंटत नाही, एवढं आपण लिहून दिलं की बाळांवर चाचणी सुरू."

"एवढं आपण लिहून दिलं की," आत्या पुटपुटली. मग काम पडलंय म्हणत ती जिना उतरली. अर्ध्या जिन्यात तिने एकदा मागे वळून वर पाहिलं.

कारण वजन सारखं का होतं, हे त्या अख्ख्या इमारतीत एकट्या आत्याला ठाऊक होतं.

उंदराचं नवं पिल्लू गुलाबी असतं, कातडी काचेसारखी. त्याने दूध प्यायलं असेल तर पोटात पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. आत्याची सकाळची पहिली नजर त्या ठिपक्यावर जायची. आठ पिल्लांत दोन-तीन असायचीच बिनठिपक्याची, कोपऱ्यात ढकललेली, भावंडांच्या रेट्यात आईपर्यंत न पोचणारी. नियम भिंतीवर ठसठशीत लावलेला होता: नोंद केल्याशिवाय पिल्लाला हात लावू नये. आत्या तो नियम रोज वाचायची आणि रोज मोडायची. ती हातमोजे त्याच पिंजऱ्याच्या भुशात घोळवायची, म्हणजे आईला परका वास यायला नको. मग धष्टपुष्ट पिल्लांना उचलून एका डब्यात ठेवायची. डब्यात कोमट पाण्याने भरून गाठ मारलेला रबरी मोजा, वर कापूस. तासभर त्यांनी तिथे झोपा काढायच्या आणि तेवढ्या वेळात दुबळ्यांनी आईपाशी पोट भरून घ्यायचं. आत्या त्याला पहिली पंगत म्हणायची. तिची आई सात भावंडांत जेवण वाढताना म्हणायची, दुबळ्यांची पंगत आधी. आणि सातांत दुबळी होती ती आत्याच. त्या पंगतीवरच ती जगली होती.

त्यात आपण काही वाईट करतोय असं तिला कधी वाटलं नाही. पिल्लं मेली असती तर बाईंचंच नुकसान, असा तिचा हिशेब. कोणत्या पिल्लात निरोप बंद आहे हे तिला माहीत नव्हतं. ते बाईंच्या कुलूपबंद यादीत. तिला फक्त उपाशी कोण ते कळायचं. कुणाला पाजलं ते विसरू नये म्हणून ती शिवणाच्या निळ्या दोऱ्याचा तुकडा त्या पिंजऱ्याच्या कार्डामागे खोचून ठेवायची. पिल्लाच्या पंजावर ओळखीचे जितके ठिपके टोचलेले, तितक्या गाठी दोऱ्याला. तिसऱ्या पिल्लाला तीन गाठी. प्रयोग संपला की कार्ड दोऱ्यासकट खोक्यात जायचं.

आता वरच्या काचपट्टीवर त्या दुबळ्यांचं यकृत होतं. आणि आत्याने पोटभर पाजलेलं दूध 'वाढ अडत नाही' होऊन दवाखान्यात चाललं होतं, खऱ्या बाळांकडे.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता. थरथरत्या हातालाही जमणारं काम.

"झालं?" तो म्हणाला. "एकोणीस वर्षं उंदरांची बाळंतपणं केलीस, आता स्वतःच्या ताटात माती कालवणार?"

"मी अजून काही ठरवलं नाही."

"तुझं ठरलंय. तू ठरवलंस की डाव्या कानाची पाळी ओढतेस. बघ, ओढतेयस."

आत्याने हात खाली घेतला. "बाळांचं औषध आहे हो ते."

"डॉक्टर गाढव आहेत का? ते तपासतील की. तुझ्या दूध पाजण्यावर जगाचं गाडं अडलंय होय! शुक्रवार होऊ दे. सही झाली की सोमवारी सांग. कायम माणसाला असं झटकन काढता येत नाही."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, तोच तर त्रास होता. पण शुक्रवारी सही होणार आणि शुक्रवारीच अहवाल जाणार. एकाच दिवशी दोन कागद. एक थांबवावा तर दुसरा फाटतो.

बुधवारी सकाळी ती वर गेली. दार उघडं होतं. डॉक्टरीणबाई फोनवर बोलत होत्या. "हो पप्पा, शुक्रवारी. हो, माझं नाव पहिलं. अहो रडताय काय असे?" आत्या तिथूनच मागे फिरली. दिवसभर तिने बाटल्या घासल्या. घासलेल्या पुन्हा घासल्या.

गुरुवारी दुपारी इन्चार्जसाहेब खाली आले. उंदीरघराचा सगळा कारभार यांच्याकडे. तोंडाने फटकळ, पण मनाने माणूस वाईट नव्हे. आत्याचं नाव यादीत घालायला त्यांनीच चार वर्षं वरच्यांच्या दारात चपला झिजवल्या होत्या.

"आत्या, त्या यकृतवाल्या प्रयोगाची जुनी कार्डं टाकून द्या आज. आकडे वहीत चढलेत, कार्डांची अडगळ नको. उद्या समितीचे लोक बघायला येणार आहेत. आणि उद्या जरा चांगली साडी नेसून या. फोटो काढतात म्हणे."

ते गेले. आत्याने खोका खाली काढला, कचऱ्याची लाल पिशवी उघडली. बस्स, खोका पालथा करायचा. तिने काही लपवलं असं कुणी म्हणू शकलं नसतं. साहेबांचा हुकूम होता. सुंठीवाचून खोकला जात होता.

तिने खोका उचलला, तशी एका कार्डामागून निळ्या दोऱ्याची शेपटी बाहेर आली. तीन गाठी.

ती तशीच उभी राहिली. मागे रॅकवर काहीतरी चिवचिवलं. तिसऱ्या ओळीत सकाळीच व्यालेली मादी होती. आत्याने सवयीने पाहिलं. आठ पिल्लं. सहांच्या पोटात पांढरा ठिपका. दोन कोपऱ्यात, बिनठिपक्याची, पाय झाडत.

तिचा हात झाकणाकडे गेला आणि हवेतच थांबला. हात लावला तर हेही वजन खोटं. नाही लावला तर संध्याकाळपर्यंत दोन्ही थंड. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली.

तिने हात मागे घेतला, खोका काखेत मारला आणि गमबूट न काढताच जिना चढली. वरच्या चकचकीत फरशीवर भुशाचे ठसे उमटत गेले.

"बाई, वजन सारखं आहे ते माझ्यामुळे."

डॉक्टरीणबाई टाइप करत होत्या. हसल्या. "मग! म्हणालेच ना मी."

"तसं नाही. तुम्ही आधी हात थांबवा. ऐका."

तिने सगळं सांगितलं. पंगत, डबा, कोमट मोजा, दोरे. बाईंचं हसू एकेक पायरी उतरत गेलं. मग त्या उठल्या आणि खुर्ची मागे कपाटावर आदळली.

"तीन वर्षं, आत्या! तीन वर्षं मी या आकड्यांवर झोप घालवली! तुम्हाला कुणी सांगितलं होतं माया करायला? उंदीर आहेत ते!"

"सांगून करतात होय माया?"

"नियम वाचता येत नाही तुम्हाला? भिंतीवर एवढा मोठा लावलाय!"

आता आत्याचंही डोकं सटकलं. "वाचता येतो. तुम्हाला खालचा जिना उतरता येत नाही का? तीन वर्षांत एकदा, एकदा तरी सकाळी सातला खाली आलात? आला असतात तर दिसलं असतं, आत्या डबा घेऊन काय करते ते. मी लपवून करत नव्हते. बघायलाच कुणी नव्हतं!"

बाई मटकन बसल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या तो खोका."

दोघींनी टेबलावर कार्डं मांडली. आत्या गाठी मोजून सांगायची, बाई कुलूपबंद यादीत बघायच्या. "सातवा पिंजरा, दोन गाठी." "निरोप बंद." "सातवा, पाच गाठी." "निरोप बंद." "अकरावा, एक गाठ." "निरोप... चालू. हे आपलं साधंच दुबळं." सव्वीस दोरे निघाले. चोवीस निरोप बंद असलेल्या पिल्लांचे.

"तुम्हाला माहीत नव्हतं कोणतं कुठलं," बाई हळूच म्हणाल्या.

"उपाशी कोण, तेवढंच माहीत होतं."

"म्हणजे ती खुरटणारच होती. तुम्ही ओढून धरलीत." बाईंनी कपाळ चोळलं. "आत्या, हे लिहायचं तर तुमचं नाव येणार. उद्या यादी आहे ना तुमची?"

"आहे."

"मी नुसतं लिहू शकते, वजनं पुन्हा तपासायला हवीत. कारण न देता."

"मग ते वाक्य थांबेल?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या. "नाही. कारणाशिवाय समिती थांबत नाही. तळटीप होईल एक. तळटीप कोण वाचतो?"

तेवढ्यात दारात इन्चार्जसाहेब. फरशीवरच्या भुशाचा माग काढत आले होते. "आत्या, गमबूट घालून वर? आणि कार्डं टाकली का?" मग टेबल दिसलं. बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "आत्या, खोका द्या इकडे."

"साहेब..."

"खोका द्या म्हणतो! वेड लागलंय का? रोज संध्याकाळी वहीत मी सही करतो, 'नियमबाह्य हाताळणी: नाही'. तीन वर्षांच्या सह्या आहेत माझ्या. आणि तुमच्यासाठी किती जणांचे पाय धरलेत ठाऊक आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवार जाऊ द्या, सोमवारी काय तो पश्चात्ताप करा."

"सोमवारी ते वाक्य दवाखान्यात पोचलेलं असेल."

"पोचू दे! दवाखान्यात डॉक्टर आहेत!"

"घरचे पण हेच म्हणाले," आत्या म्हणाली. "सगळे म्हणतात पुढे कुणीतरी बघेल. बाईंना वाटलं मी बघतेय. मला वाटलं बाई बघतायत. तुम्ही न बघता सही केलीत. आता दवाखान्यातले म्हणतील, संस्थेनं बघितलंय. मग बघितलं कुणी, साहेब?"

साहेबांनी खोक्यावर हात ठेवला. आत्याने त्या हातावर आपला ठेवला. ब्लिचिंगने खरखरीत झालेला, नखं पांढरी पडलेला. ओढाओढ झाली नाही. दोघं नुसती उभी राहिली. शेवटी साहेबांनी हात काढून घेतला.

"मरा," ते म्हणाले. आणि जाताजाता, पाठमोरेच, "लिहायचंच असेल तर नीट तारीख-वार घालून लिहा. अर्धवट कागदाला कुणी विचारत नाही."

आत्या चौथी शिकलेली. तिने मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'रोज सकाळी सात ते आठ मी दुबळ्या पिल्लांना आधी पाजलं. मोठ्यांना बाजूला ठेवलं. कुणाला विचारलं नाही. दोरे खरे आहेत.' खाली सही, तारीख, वार. मग मान वर करून म्हणाली, "खाली आज दोन पिल्लं उपाशी आहेत. त्यांचं काय करायचं ते आता तुम्ही सांगा. मी हात लावणार नाही."

डॉक्टरीणबाई तिच्याबरोबर खाली आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. पिंजऱ्यावर वाकून त्यांनी ती दोन गुलाबी, रिकाम्या पोटांची पिल्लं पाहिली आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "ही प्रयोगातली नाहीत," त्या म्हणाल्या. "पाजा. पण नोंद करा." आणि डबा त्यांनी स्वतः धरला.

शुक्रवारी सूचनाफलकावर यादी लागली. सतरा नावं. अकराव्यानंतर बारावं दुसऱ्याच कुणाचं. आत्याने दोनदा वाचली, चांगल्या साडीचा पदर खोचला आणि भुसा बदलायला गेली. शिवाय एक मेमो मिळाला, नियमभंगाबद्दल. साहेबांनाही मिळाला. अहवाल मात्र थांबला.

घरी नवऱ्याने तिच्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं. ताट वाढलं आणि म्हणाला, "बस. आज दुबळ्यांची पंगत आधी." आत्या हसली आणि पाट ओढून बसली.

पुढचे सात महिने प्रयोग नव्याने झाला, या वेळी वहीत लिहून. निम्म्या विणींना आत्याची पंगत, निम्म्यांना नाही. पंगत नसलेली, निरोप बंद असलेली पिल्लं खुरटी निघाली, अंगानेही, यकृतानेही. पंगतीतली भरली, भावंडांएवढी झाली. पण काचपट्टीवर शिरेभोवती कडं कुठेच नव्हतं. पोटभर दुधाने आकार भरून काढता आला, जाणतेपण नाही. ते निरोपाशिवाय येतच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या संस्थेत कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याने नियम मोडला नसता आणि मोडलाय हे सांगितलं नसतं, तर कळलंही नसतं. 'वाढ अडत नाही' हे वाक्य खोडलं गेलं. दवाखान्याने बाळांवरची चाचणी स्थगित केली. ती बाळं कोणती, कुणाच्या घरची, आत्याला कधी कळणार नाही. त्यांच्या आयांनाही आत्या कळणार नाही.

आत्या अजून रोजंदारच आहे. नवी यादी निघेल म्हणतात. म्हणतात बरंच काही. छापून आलेल्या निबंधाच्या शेवटी आभारांत बारीक अक्षरांत तिचं नाव आहे. डॉक्टरीणबाईंनी ते तिला बोट ठेवून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "भिंग आणते घरून." सकाळी सातला आता बाईही खाली येतात. रोज नाही. पण येतात.

तेव्हा एक मागणं आहे. उद्या तुम्ही कामावर जाल. तिथे कुणीतरी फरशी पुसत असेल, बाटल्या धूत असेल, पिंजरे किंवा फायली उचलत असेल. त्या माणसापाशी थांबा आणि एवढंच विचारा, "तुम्हाला इथे काय दिसतं, जे आम्हाला दिसत नाही?" आणि तो बोलायला लागला की घड्याळाकडे बघू नका.